पिशवीतला आंबेमोहोर आणि विमानाची दोन दारे
परदेशी निघालेल्यांनी सामानात काय भरावे, काय घरीच ठेवावे

मुळशी म्हटले की भात आणि भात म्हटला की आंबेमोहोर. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तालुक्याचे रूप पालटले. हिंजवडी, माण, मारुंजीच्या माळावर संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या. पौड, पिरंगुट, घोटावड्याकडची पोरं शिकली, नोकरीला लागली आणि त्यांतली काही दुबई, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचली. आता त्यांच्यामागून आईवडीलही निघाले आहेत. कुणाच्या सुनेचे बाळंतपण असते, तर कुणाला नातवंडांचे तोंड पाहायचे असते. ज्यांनी आयुष्यभर एस.टी.शिवाय दुसरे वाहन पाहिले नाही, ती माणसे साठीच्या पुढे विमानात बसू लागली आहेत. ही कौतुकाचीच गोष्ट आहे.

तिकीट हातात आले की घरात एकच घोर सुरू होतो, तो म्हणजे न्यायचे काय. आपल्याकडे रिकाम्या हाताने कुणी कुणाच्या दारी जात नाही, मग पोटच्या पोराकडे कसे जाणार? नव्या भाताचा आंबेमोहोर निघतो. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळले जातात. कांदा-लसूण मसाला कुटून येतो. अनारसे, खोबऱ्याच्या वाट्या, कढीपत्त्याची डहाळी, गावच्या देवाचा पेढा, पूजेचा कापूर, घरचे तूप असे एकेक करून बॅग फुगत जाते. शेवटी धाकटा मुलगा बॅगेवर बसतो तेव्हा कुठे चेन लागते.

या यादीतल्या बऱ्याच वस्तू कुठे ना कुठे अडवल्या जातात. काही पुण्याच्या लोहगाव विमानतळावर किंवा मुंबईत काढून घेतात, काही उतरल्यावर कचऱ्याच्या डब्यात जातात, आणि एखाद-दुसरी वस्तू तर माणसाला कोठडीपर्यंत नेऊ शकते. “आमच्या शेतातला तांदूळ, त्यात काय वाईट?” असे म्हणून भागत नाही. म्हणून बॅग भरण्याआधी यामागचे कारण समजून घ्यावे. कारण कळले की नियम आपोआप लक्षात राहतो.

दोन दारे, दोन प्रश्न

विमानाने परदेशी जाणाऱ्या सामानाला दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार आपल्याकडे, विमानात चढताना. तिथला प्रश्न एवढाच, की या वस्तूने विमानाला किंवा प्रवाशांना धोका आहे का? दुसरे दार त्या देशात, उतरल्यावर. तिथे विचारतात, की या वस्तूने आमच्या शेतीला, जनावरांना किंवा कायद्याला धोका आहे का? पुष्कळ लोकांचा घोटाळा इथेच होतो. पुण्यात किंवा मुंबईत बॅग यंत्रातून पास झाली की त्यांना वाटते, सुटलो. पण आपल्या विमानतळावरचा माणूस तांदळाकडे पाहत नाही. तांदळाने विमान पेटत नाही. तांदूळ अडतो तो पलीकडच्या दारात.

पहिले दार : पाते, पातळ आणि पेट

विमानात सामान दोन प्रकारे जाते. मोठी बॅग वजन करून कंपनीच्या ताब्यात द्यायची, ती विमानाच्या पोटात जाते. तिला चेक-इन सामान म्हणतात. छोटी पिशवी आपल्याजवळ राहते, ती हातातली किंवा केबिन बॅग. किती किलो न्यायचे हे कंपनी आणि तिकिटावर ठरते. तिकिटावर लिहिलेला आकडा घरीच वाचून घ्यावा आणि बॅग घरच्या काट्यावर तोलून पाहावी. एका बॅगेचे वजन ३२ किलोच्या वर गेले तर ती उचलणाऱ्या हमालाचा विचार करून बहुतेक कंपन्या ती घेतच नाहीत. दोन बॅगा कराव्या लागतात.

पहिल्या दाराचे नियम तीन शब्दांत सांगता येतात : पाते, पातळ आणि पेट.

पाते म्हणजे धारेची वस्तू. विळी, सुरी, कोयता, अडकित्ता, कात्री, नारळाची खवणी यांतले काहीही हातातल्या पिशवीत ठेवायचे नाही. सुनेला गावची विळी न्यायचीच असेल तर पाते जाड कापडात आणि पुठ्ठ्यात गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवावे, म्हणजे बॅग तपासणाऱ्याचा हात कापणार नाही. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या खिशात किंवा चंचीत अडकित्ता असतोच. तो घरून निघतानाच काढून ठेवावा.

पातळ म्हणजे पाणी, तेल, तूप, मध, लोणचे, चटणी, दही. २००६ साली ऑगस्टमध्ये लंडनहून अमेरिकेकडे जाणारी विमाने पातळ स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला. पेयाच्या बाटल्यांतून ती नेण्याचा बेत होता. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, आणि अशा सगळ्या छोट्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावाव्या लागतात. हिशेब बाटलीच्या मापाचा असतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत तळाशी दोन घोट राहिले असले तरी ती काढून घेतात. म्हणून तूप-लोणचे न्यायचेच असेल तर ते चेक-इन बॅगेत, घट्ट झाकणाच्या डब्यात, वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या घालून. तान्ह्या बाळाचे दूध आणि रोजची औषधे यांना यातून सवलत आहे, पण ती तपासणीच्या वेळी वेगळी काढून दाखवावी लागतात.

अमेरिकेच्या विमानांना २०१८ पासून आणखी एक नियम लागू आहे. हातातल्या पिशवीत ३५० मिलिलिटरपेक्षा, म्हणजे साधारण एका शीतपेयाच्या डब्याएवढ्या मापापेक्षा जास्त पूड असली तर ती अडवतात. तेव्हा मसाला आणि तिखट मोठ्या बॅगेतच बरे.

आता पेट, म्हणजे आग धरणाऱ्या वस्तू. फटाके, रॉकेल, गॅसची छोटी टाकी, काडेपेटी, लायटर, कीटकनाशक, रंगाचा डबा हे दोन्हींकडे वर्ज्य. कापूरसुद्धा चटकन पेट घेणारा, म्हणून तोही नको. हे लोकांना पटते. पण दोन वस्तूंवरून मात्र रोज वाद होतो, एक खोबऱ्याची वाटी आणि दुसरी पॉवर बँक.

खोबऱ्याने काय पाप केले?

ओटीत खोबऱ्याची वाटी, प्रसादात खोबरे, मसाल्यात खोबरे. ते विमानात धोक्याचे कसे? पण सुके खोबरे आंतरराष्ट्रीय नियमांत धोकादायक मालाच्या यादीत आहे आणि त्याचा वर्ग आहे ‘आपोआप पेट घेणारे पदार्थ’. आपल्याकडच्या विमानतळांवर ते हातातल्या पिशवीत आणि चेक-इन बॅगेत, दोन्हीकडे बंद आहे.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. ओला पेंढा किंवा कडबा गंजीला लावला तर काय होते? बाहेरून गंज थंडगार, पण आत हात घातला तर भाजतो. कधीकधी गंज आपोआप पेटते, आणि गावात लोक म्हणतात, “कुणी तरी काडी लावली.” खोबऱ्याचे तसेच आहे. त्यात तेल भरपूर असते. दमट हवेत दाबून भरलेले खोबरे आतल्या आत तापत जाते. जहाजाच्या कोठारात खोबऱ्याच्या राशीने आग धरण्याची भीती जुन्या काळापासून आहे, त्यातूनच हा नियम आला. तुमच्या बॅगेतल्या दोन वाट्यांनी विमान पेटेल असे कुणी म्हणत नाही. पण प्रत्येकाच्या बॅगेत किती खोबरे आहे, कसे भरले आहे, याचा हिशेब तपासणारा माणूस ठेवू शकत नाही, म्हणून सरसकट बंदी.

अख्खा ओला नारळ वेगळा. तो हातात नेऊ देत नाहीत, चेक-इन बॅगेत चालतो. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ जवळ बाळगता यावा म्हणून २०२४ च्या हंगामात केंद्राने खास सवलत दिली होती, तीही मुदतीपुरती. देवाच्या नारळालाही परवानगी घ्यावी लागते, तिथे आपल्या वाट्यांचे काय?

पॉवर बँक पोटात नको

दुसरी वस्तू घरातल्या पोरांची. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक. इथे नियम उलटा आहे. विळी पोटात आणि पॉवर बँक हातात. तिच्यातल्या लिथियमच्या बॅटरीला दाब बसला किंवा ती बिघडली तर ती भडकते आणि सहजी विझत नाही. हातात असली तर धूर दिसतो, विमानातला कर्मचारी धावतो. पोटात असली तर कळायला उशीर होतो. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानजवळच्या विमानतळावर एअर बुसानचे एक विमान उड्डाणाआधीच पेटले. माणसे वाचली, विमान जळाले. आग वर सामान ठेवायच्या कप्प्यात लागली होती आणि तपासात पॉवर बँकेवर संशय आला. तेव्हापासून बऱ्याच कंपन्या प्रवासात ती वापरू देत नाहीत.

तेव्हा पॉवर बँक, सुटी बॅटरी हातातल्या पिशवीतच ठेवा. बॅटरीवर वॉट-अवरचा आकडा असतो, तो १०० पर्यंत चालतो. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या २० हजार एमएएचच्या पॉवर बँकेपर्यंत अडचण नाही. आकडा पुसलेली, फुगलेली, पेटीतून उघडी पडलेली असेल तर घरीच ठेवा.

दुसरे दार : त्यांच्या शेताची राखण

आता खरा प्रश्न आंबेमोहोराचा. अमेरिकेने २०११ च्या जुलैअखेरपासून भारतासारख्या देशांतला तांदूळ प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी घातली आहे. हरभऱ्यालाही तोच नियम. किलोभर असो की दहा किलो, घरचा असो की दुकानातला, तांदूळ बॅगेतून चालत नाही. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२० पासून तशीच बंदी घातली आणि त्यांची यादी आणखी लांब आहे. तांदूळ, तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, धने, जिरे, बडीशेप, सुक्या मिरच्या हे सगळे प्रवाशाच्या बॅगेतून बंद.

याला कारण एक कीड. तिचे जगभर चालणारे नाव आपल्याकडचेच आहे : खापरा. साठवलेल्या धान्याची ही कीड आपल्या कोठारांना नवी नाही. भुंगेरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. नुकसान करते ती त्याची केसाळ अळी. दाणा आतून खाऊन भुसा करते. पोत्याच्या शिवणीत, भिंतीच्या भेगेत, डब्याच्या झाकणात दडून बसते आणि खायला न मिळताही वर्षे काढते. औषधालाही सहजी दाद देत नाही. एकदा कोठारात शिरली की निघता निघत नाही, म्हणून जगातल्या सगळ्यांत वाईट साठवणूक किडींत तिची गणना होते.

अमेरिकेने ही कीड भोगलेली आहे. १९५३ साली कॅलिफोर्नियात ती सापडली. कोठारेच्या कोठारे ताडपत्रीने झाकून विषारी धूर द्यावा लागला, आणि १९६६ पर्यंत ही मोहीम चालली. इतके केल्यावर जी कीड घालवली, ती कुणाच्या मायेच्या पिशवीतून परत येऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे.

हे ऐकून कुणाला वाटेल, फारच चोचले. पण आपल्या बांधावर जरा नजर टाका. काँग्रेस गवत, म्हणजे गाजर गवत, हे आपल्या मातीतले नव्हे, ते मूळचे अमेरिका खंडातले. भारतात त्याची पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकाच्या मध्यावर झाली ती आपल्या पुण्यातच. परदेशी धान्याच्या पोत्यांबरोबर ते आले असे सांगितले जाते. आले तेव्हा कुणाच्या डोळ्यांतही भरले नसेल. आज काय परिस्थिती आहे हे शेतकऱ्याला सांगायला नको. अंगाला खाज, दम्याचा त्रास, जनावर तोंड लावत नाही, उपटून उपटून कंबर मोडते. एवढे ज्याने सोसले, त्याने तरी दुसऱ्याच्या शेताची राखण समजून घ्यावी.

२०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा अमेरिकेतल्या भारतीय दुकानांपुढे तांदळासाठी रांगा लागल्या. अशा वेळी पोरांसाठी घरचा तांदूळ न्यावा असे आईबापांना वाटणे साहजिक आहे. ती निर्यातबंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. पण बॅगेतल्या तांदळावरची बंदी त्यांची आहे, ती आहे तशीच आहे.

पेढा आणि लाळ्या-खुरकूत

तांदळाचे झाले, तसेच दुधाचे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया भारतातून आलेल्या प्रवाशाकडचे दुधाचे पदार्थ घेऊ देत नाहीत. पेढा, बर्फी, रसगुल्ला, खवा, तूप हे सगळे त्यात आले. मांस तर नाहीच. कारण आपल्या गोठ्यात घरोघरी माहीत असलेले, लाळ्या-खुरकूत. आपल्याकडे लसीकरण चालू आहे, पण रोग अजून गेलेला नाही, आणि त्याचा विषाणू कच्च्या दुधा-मांसातून प्रवास करू शकतो.

२००१ साली ब्रिटनमध्ये या रोगाची साथ आली. ती बाहेरून आलेल्या मांसाचे खरकटे डुकरांना नीट न उकळता घातल्याने सुरू झाली असे तिथल्या चौकशीत मानले गेले. साथ आवरेपर्यंत साठ लाखांहून अधिक जनावरे मारून टाकावी लागली. गायी-मेंढ्यांच्या चिता पेटल्या, शेतकरी उघड्यावर आले. ज्याच्या दावणीचे एक जनावर जाते तो महिनाभर जेवत नाही. तिथे पूर्ण गोठेच्या गोठे रिकामे झाले. पेढ्याच्या पुड्यावर एवढा राग का, ते यावरून समजावे.

फळे-भाजीचेही तेच. कढीपत्त्याची डहाळी अमेरिकेत चालत नाही, कारण तिच्यावरून लिंबू-संत्र्याच्या बागांना मारणारा किडा जातो. आंबा बॅगेतून न्यायचा नाही. आपला आंबा २००७ पासून अमेरिकेला रीतसर जातो, पण त्याआधी त्यावर विकिरणाची प्रक्रिया होते. युरोपने तर १ मे २०१४ पासून हापूससह आपला सगळा आंबा आणि वांगी, अळू, कारली, पडवळ ही चार भाजीपिके बंद केली होती. आदल्या वर्षी आपल्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली, भाज्यांना त्याहून जास्त वाट पाहावी लागली. चूक थोड्यांची आणि शिक्षा सगळ्या बागाईतदारांना, हा धडा तेव्हाच मिळाला आहे.

दुबईला खसखस नको

आखाती देशांचे दार वेगळ्या कारणाने कडक आहे. तिथे प्रश्न किडीपेक्षा कायद्याचा. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबू धाबीत, खसखस बंद आहे. खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून ती अंमली पदार्थांत धरतात. सिंगापुरातही ती चालत नाही. आपल्या घरात तर ती किराणा मालाच्या यादीत असते.

आता आपल्या पदार्थांकडे पाहा. अनारसे कशावर थापतात? खसखशीवर. डिंकाच्या लाडवात खसखस, कांदा-लसूण मसाल्यात खसखस, करंजीच्या सारणात खसखस. दुबईला निघालेल्या माणसाच्या बॅगेत दिवाळीचा फराळ असेल तर तो खसखस न घालता करावा. मसालाही वेगळा, खसखशीविना कुटून घ्यावा. “थोडीशीच आहे, कुणाला कळतंय?” हा विचार तिथे महागात पडेल.

तिथेच विड्याचे पान आणि चघळायची तंबाखूही अडचणीची. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूला बंदी आहे. ज्यांना मिसरी किंवा तंबाखूची सवय आहे त्यांनी हे आधीच पोराला विचारून घ्यावे.

औषधांचे तर फारच जपून. दुखण्यावरची काही औषधे, ट्रामाडॉल आणि कोडीन असलेली, तसेच झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध आखाती देशांत परवानगीशिवाय चालत नाहीत. अमिरातीत त्यासाठी तिथल्या आरोग्य खात्याकडून आधी परवानगी काढावी लागते. आपल्या डॉक्टरांना “मी दुबईला चाललोय” असे सांगूनच औषधे लिहून घ्यावीत. औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत असावीत. सुट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नयेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर ते मोठ्या बॅगेत मुळीच टाकू नये. बॅग हरवली तर काय करणार?

दुसऱ्याची पिशवी नको

गावात एक पद्धत आहे. कुणी निघाला की शेजारी येतात : “आमच्या पोराला एवढं पार्सल द्या की.” नाही म्हणणे जिवावर येते. पण म्हणायला शिका. २०१९ साली मुंबईचे एक दांपत्य कतारला गेले. नातेवाइकाने दिलेल्या पुडक्यात दोहाच्या विमानतळावर चार किलोच्या वर चरस सापडले. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे ती फसवणूक असल्याचे पुढे आले, २०२१ मध्ये ते निर्दोष सुटून परत आले, पण तोवर पत्नीचे बाळंतपण तुरुंगातच झाले होते. नातेवाइकाची ही कथा, तर ओळखीच्या माणसाची काय हमी? स्वतःच्या हाताने भरले नाही ते स्वतःच्या नावावर नेऊ नये.

लपवू नका, सांगा

उतरण्याआधी किंवा उतरल्यावर काही देशांत एक अर्ज भरून घेतात. बियाणे, अन्नपदार्थ, फळे, दुधाचे काही आहे का, असे त्यात विचारतात. आणखी एक प्रश्न खास आपल्यासाठी असतो : तुम्ही अलीकडे शेतावर गेला होतात का, जनावरांच्या संपर्कात होतात का? आपल्याला वाटते ‘हो’ म्हटले तर परत पाठवतील. तसे नाही. ‘हो’ म्हटले तर चपला-बूट पाहतात, माती असेल तर धुऊन घेतात, बस्स. म्हणून शेतातली चप्पल नेऊ नये, किंवा नेलीच तर घासून, धुऊन, वाळवून न्यावी.

सांगणे आणि लपवणे यात फार फरक आहे. वस्तू आपणहून दाखवली तर फार तर ती काढून घेतात, दंड सहसा होत नाही. लपवली आणि सापडली की दंड आला. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या एका फळापायीही जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. वाचता येत नसेल, इंग्रजी येत नसेल तर अर्ज ‘नाही, नाही’ असा भरू नये. जे समजत नाही तिथे ‘हो’ लिहावे आणि बॅग उघडून दाखवावी.

मग न्यायचे तरी काय?

निराश होऊ नका, न्यायला पुष्कळ आहे. कारखान्यात बंद केलेले, छापील पाकिटातले, भाजलेले-तळलेले पदार्थ बहुतेक देशांत दाखवून नेता येतात. चिवडा, चकली, शेव, पापड, शंकरपाळी, चहापूड, दळलेला मसाला ही त्यातली मंडळी. पाकिटावर घटकांची यादी असली की तपासणाऱ्याला कळते आत काय आहे. वर्तमानपत्रात बांधलेली आणि दोऱ्याने आवळलेली पुडी पाहिली की त्याला संशय येतो. घरचा पदार्थ नेलाच तर त्यावर चिठ्ठी लावून इंग्रजीत नाव व घटक लिहून घ्यावेत. गावातल्या बचतगटाच्या ताईंनी आपल्या मसाल्याच्या आणि फराळाच्या पाकिटावर घटक, तारीख आणि परवाना क्रमांक छापला, आणि एक प्रकार ‘खसखशीविना’ असा काढला, तर त्यांनाही चार गिऱ्हाईक वाढतील.

परत येतानाही दक्षता हवी. तिकडच्या बाजारात चांगली मिरची, भोपळा, फुलझाड दिसले की शेतकऱ्याचा हात बियाकडे जातो. पण लागवडीचे बियाणे, कलमे, माती परवान्याशिवाय भारतात आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाने मनाई आहे. काँग्रेस गवताची आठवण ठेवावी, म्हणजे हात आपोआप मागे येईल.

गावाने काय करावे

ग्रामपंचायतींना यात करण्यासारखे आहे. पासपोर्टच्या चौकशीच्या निमित्ताने कोण परदेशी निघाले हे गावाला कळतेच. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांनी एक पानाची सूचना फलकावर लावावी. वर ‘हातात काय, पोटात काय, घरी काय’ अशा तीन ओळी आणि खाली देशवार मुद्दे. तिकीट काढून देणाऱ्या पोराने विमान कंपनीची आणि त्या देशाची ताजी यादी पाहून सांगावी, कारण हे नियम बदलत राहतात. शाळेतल्या मुलांकडून आजी-आजोबांची बॅग तपासून घेतली तर त्यांचाही अभ्यास होईल.

राहिला आंबेमोहोर. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ज्याला नाव आहे, वास आहे आणि परदेशात खाणारा माणूस आहे, त्या तांदळाने चोरपावलांनी बॅगेतून कशाला जावे? व्यापारी मार्ग मोकळा आहे. धान्य स्वच्छ करून, धुरीकरण करून, कीडमुक्त असल्याचा वनस्पती आरोग्य दाखला घेऊन तांदूळ अमेरिकेला जाऊ शकतो. निर्यातीसाठी ‘अपेडा’कडे नोंदणी होते, दाखला देण्यासाठी नेमलेले अधिकारी आहेत. एकट्या शेतकऱ्याला हे झेपणार नाही, पण गट करून, उत्पादक कंपनी करून झेपेल. त्याची सुरुवात आपल्याच कणगीपासून होते. भात नीट वाळवा, जुनी पोती नव्या धान्याला वापरू नका, कोठीच्या भेगा लिंपून घ्या. खापरा तिथेच अडला तर पुढच्या दोन्ही दारांची भीती राहणार नाही.

तोवर सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या आत्याबाईंनी तांदूळ घरच्या डब्यात ठेवावा, लाडवात खसखस-खोबऱ्याऐवजी बदाम घालावेत, पॉवर बँक हातातल्या पिशवीत टाकावी आणि अर्जावर खरे तेच लिहावे.